चौदा नंबरच्या दारात दोष नाही

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या टेबलाच्या डाव्या बाजूला, शाईच्या बाटलीपासून एक हात लांब बसून जी मुलगी अक्षरं शिकली, तिचा तुला वाकून नमस्कार. (खरंच वाकून लिहिते आहे. ऑफिसातलं हे टेबल बुटकं आहे आणि खुर्ची उंच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करतेस की त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी एकदम आठवड्याचा उरकतेस? खोकल्याचं विचारत नाही, कारण खोकला अजिबात नाही हे तू मागच्या वेळी फोनवर खोकत खोकत सांगितलंच आहेस. माझी तब्येत बरी आहे. ‘बरी’ हा शब्द विचार करून वापरला आहे.

त्याच फोनवर तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. एक, हल्ली मी इतकं मोजून का बोलते. दोन, लग्नाची तारीख ठरली का. दोन्हींची उत्तरं या पत्रात आहेत, पण ती आपापल्या जागी येतील. रकाने वरून खाली भरायचे, खालचा आधी भरला की वरचा हमखास चुकतो, हे तूच शिकवलंस. तोपर्यंत एवढंच कर, की उत्तर पाकिटाच्या मागे लिहिलेल्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, आणि पत्र मिळालं हे सांगायला फोन करू नकोस. कारण पुढे येईल.

तर झालं असं, की मला नववीच्या मुलांसमोर प्रेमावर बोलावं लागलं.

दोष लिफ्टच्या नोटिशीचा. तुला माहीत आहे, आमचं ऑफिस शहरातल्या बासष्ट लिफ्टची देखभाल करतं. दुरुस्ती मिस्त्री करतात, नोंदवह्या आणि नोटिशी माझ्याकडे. त्यातली एक लिफ्ट एका तीन मजली शाळेत आहे. मागच्या सहामाहीत तिथे दोन मुलं चाळीस मिनिटं अडकून पडली आणि त्यांनी घंटा वाजवली नाही, कारण त्या वेळेला त्यांनी चित्रकलेच्या तासाला असायला हवं होतं. सापडलो तर बोलणी खाऊ, म्हणून गुपचूप बसून राहिली. मला हे फार लागलं. मी शाळेच्या लिफ्टसाठी नोटीस नव्याने लिहिली. दार जबरदस्तीने उघडू नका. आत उड्या मारू नका. अडकलात तर घंटा वाजवा. कोणीतरी येईल. अडकलात तर ती तुमची चूक नाही. शेवटच्या ओळीला आमचे मालक हरकत घेत होते. त्यांचं म्हणणं, मुलांची चूक नाही म्हटलं की ती कोणाची, असा प्रश्न येतो, आणि उत्तरात आपलं नाव येतं. मी म्हटलं, येतंच. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण ओळ राहिली.

त्या शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, शाळेत एकशे दहा सूचना लावलेल्या आहेत, मुलांना पाठ आहे ती एवढी एकच. (मला आनंद झाला. तो टिकला नाही.) पुढे म्हणाल्या, नववीत एक प्रकार घडला आहे. दोघांचं ‘चालू’ होतं (मुलांचा शब्द आहे, माझा नाही). तिने शिकवणीच्या तासाला त्याचा फोन घेतला नाही म्हणून त्याने तिचा फोन जिन्यात आपटला. मुलगी सगळ्यांना सांगते आहे, माझ्याच हातून पडला. तो मुलगा आता दुसऱ्या शाळेत गेला, पण वर्गातल्या निम्म्यांना वाटतं तो तिच्यावर फारच प्रेम करत होता. वर्षातून एकदा समुपदेशक येतात, पडद्यावर दोन हात आणि मावळता सूर्य दाखवून जातात. तर तुम्ही असंच काहीतरी पाच ओळींत सांगा. मी म्हटलं, मला फक्त लिफ्टमधलं कळतं. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

मी आठ दिवस तयारी केली. मोठ्या बाईंनी न वापरायच्या शब्दांची यादी पाठवली होती, कारण पालक तक्रार करतात. त्या यादीत प्रेम होतं, लफडं होतं, शरीर होतं, स्पर्श होता, आणि का कोण जाणे, चहा होता. ती यादी पाळून या विषयावर जे बोलता येतं ते हवामानाचं वृत्त होतं. शेवटी मी माझ्या कामातले शब्द घ्यायचे ठरवले. एका लिफ्टमध्ये दोन प्रवासी, आणि तिची तपासणी. आमच्याकडे तपासणीचा एक तक्ता असतो, त्यात बाब, निरीक्षण आणि शेरा असे तीन रकाने. शेरे तीनच: ठीक, लक्ष ठेवावे, वापर बंद. (‘वापर बंद’ लिहायला कोणाचाच हात धजत नाही. लिफ्ट बंद केली की इमारतीतले लोक खाली येऊन भांडतात आणि म्हणतात, चालत तर होती.) तसा एक तक्ता मी मुलांसाठी केला. नऊ बाबी. ‘नाही’ म्हटल्यावर समोरचा थांबतो का. आपला फोन कोणाच्या हातात असतो. मित्रमैत्रिणी पहिल्याइतक्याच आहेत का. चारचौघांत थट्टा कोणाची होते. रागावल्यावर वस्तूंचं काय होतं आणि हातांचं काय. माफीनंतर तेच पुन्हा किती दिवसांनी. आपण कुठे आहोत याचा पुरावा द्यावा लागतो का. भीतीपोटी कोणाशी खोटं बोलावं लागलं आहे का. आणि नववी, हे सगळं ज्याला ठाऊक आहे असं एक तरी मोठं माणूस आहे का.

इथे तुझ्या नियमाकडे येते, कारण सगळा घोटाळा त्यानेच झाला. कचेरीसमोर तुझ्या टेबलाच्या काचेखाली प्रत्येक अर्जाचा भरलेला नमुना असायचा आणि प्रत्येक नमुन्यात तूच असायचीस. बाकीचे अर्ज लिहिणारे नमुन्यात ‘अबक’ लिहायचे आणि जन्मतारीख म्हणून सगळीकडे एक टाकायचे. तू म्हणायचीस, नमुन्यात खोटं लिहिलं की माणसाला वाटतं अर्जातही चालतं. त्यामुळे कचेरीत काम घेऊन येणाऱ्या अर्ध्या गावाला तुझं वय, तुझा रक्तगट, उजव्या कोपरावरचा तीळ आणि तू लग्न केलेलं नाहीस हे ठाऊक होतं. (एका गृहस्थांनी तर नमुना वाचून तिथेच मागणी घातली होती. तू त्यांना त्यांचा अर्ज अपूर्ण आहे म्हणून परत पाठवलंस.) मी नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे ते टेबल, त्यामुळे नियम माझ्या हातात बसला आहे, डोक्यात नव्हे.

मुलांना तक्ता कसा भरायचा ते दाखवायला हवं, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत नमुना भरायला घेतला. खोटं काही सुचेना. दोन खोटी माणसं उभी करायची, त्यांना खोटा फोन द्यायचा, खोटा राग आणायचा, हे मला जमणारं नव्हतं. मग मी खरं भरलं. नावं तेवढी ‘अ’ आणि ‘ब’ केली (एवढी सूट तू दिली असतीस असं धरलं). सतरा मिनिटं लागली. हात भरत होता, डोकं डब्यातल्या भाजीत होतं, आणि सगळ्या रकान्यांत सवयीने ‘लक्ष ठेवावे’ असा शेरा पडत गेला. मी तो परत वाचलासुद्धा नाही. जी लिफ्ट आपण रोज वापरतो तिच्याकडे कोण बघतं.

तास प्रयोगशाळेत होता, कारण सभागृहात बाकं रंगवायला काढली होती. जमिनीला ठोकलेली स्टुलं, नळांना बांधलेली फडकी, कोपऱ्यात एक सांगाडा. समोर अठ्ठावीस मुलंमुली, तेरा-चौदा वर्षांची. मागे खेळाच्या बाई वह्या तपासत बसलेल्या. मी सुरुवात केली, समजा एका लिफ्टमध्ये दोन प्रवासी आहेत. यावर वर्ग चार मिनिटं हसला. (घड्याळ समोरच होतं.) एकाने विचारलं, ताई, लिफ्ट चालू आहे की बंद? दुसऱ्याने विचारलं, दिवा आहे का आत? मी तांत्रिक प्रश्न समजून दोघांना खरी उत्तरं दिली, अडकलेल्या लिफ्टमध्ये दिवा किती वेळ चालतो तेही सांगितलं, आणि त्यामुळे का होईना, ते थांबले.

मग मी नमुना फळ्यावर उतरवायला घेतला. बाब एक: ‘नाही’ म्हटल्यावर थांबतो, पण अर्ध्या तासाने पुन्हा विचारतो, आणि ‘हो’ येईपर्यंत विचारतो. बाब दोन: ‘अ’च्या फोनचा पासवर्ड ‘ब’कडे आहे, ‘ब’चा ‘अ’कडे नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ‘ब’ तो फोन चाळतो, आणि कोणाशी किती मिनिटं बोललीस ते विचारतो. (तुझा पहिला प्रश्न इथे सुटला. आपलं मागचं बोलणं अकरा मिनिटं झालं होतं. अकरा मिनिटं आत्याशी काय बोलायचं असतं, यावर मला चाळीस मिनिटं उत्तर द्यावं लागलं.) बाब तीन: मैत्रिणी आधी चार, आता एक, तीही परगावी. बाब चार: दुकानात गिऱ्हाईक असलं की ‘ब’ म्हणतो, हिला बटण दाबल्याशिवाय हलता येत नाही. गिऱ्हाईक हसतं. ‘अ’ही हसते. बाब सात: कुठेही पोचल्यावर फोटो पाठवायचा, मागे घड्याळ दिसलं पाहिजे.

आत्या, तू आतापर्यंत ओळखलंच असशील. ‘ब’ म्हणजे चष्मेवाला. तोच, ज्याच्याशी लग्नाची तारीख तू विचारलीस, ज्याने तुझा वाचायचा चष्मा दोन दिवसांत करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, ज्याने मला दुकानावरची खोली मिळवून दिली (दुसरी किल्ली त्याच्याकडे असते), आणि ज्याला तू ‘किती काळजी घेतो गं’ म्हणतेस. तुला तसं वाटलं यात तुझी चूक नाही. माझ्याही तक्त्यात ते दोन वर्षं ‘ठीक’ होतं.

मला मात्र अजून काही कळलं नव्हतं. मी वळले, तर वर्ग फळ्याकडे गणित बघावं तसा बघत होता. पहिला बोलला शाळेच्या संघाचा गोलकीपर. त्याचं मत ‘ब’ चांगला आहे, कारण बाब सहामध्ये त्याने पाच वेळा माफी मागितली आहे. वर्गाची मॉनिटर शेजारच्या स्टुलावर होती, दोन घट्ट वेण्यांची. ती त्याला म्हणाली, “दर तीन आठवड्यांनी एकदा मागितली आहे ना? मग ती माफी नाही रे, वेळापत्रक आहे.”

यानंतर ते माझ्याकडे बघायचेच थांबले. आपसांत भांडायला लागले. एकजण म्हणाला, फोटो मागवणं म्हणजे काळजी, माझी आईपण मागते. त्यावर तीनजणी एकदम म्हणाल्या, आईला मागे घड्याळ लागतं का? तो प्रामाणिकपणे म्हणाला, आमच्या आईला लागतं. (त्याच्या आईला मोठ्या बाई भेटणार आहेत.) खिडकीजवळचा एक मुलगा तोवर सांगाड्याच्या बोटांशी खेळत होता. त्याने हात वर न करताच विचारलं की ‘ब’ला हा तक्ता कोणी दाखवला आहे का. का, असं मी विचारलं, तर म्हणाला, दोन नंबरचं मी पण करतो. ती नको म्हणत नाही, पण. वर्गाने मोठा आवाज काढला. खेळाच्या बाईंनी नुसतं वहीवरून वर पाहिलं आणि आवाज बंद झाला. त्याने विचारलं, मग मी काय करू? मी सांगितलं, आज तिला पासवर्ड बदलायला सांग, आणि नवा विचारू नकोस. तो म्हणाला, आणि राहवलं नाही तर? मी म्हटलं, तर तो बिघाड तुझ्यात आहे, दुरुस्ती तुझी होईल, तिची नाही. तेव्हा तिच्याकडे जायचं नाही, खेळाच्या बाईंकडे जायचं. त्याने ते हातावर लिहून घेतलं. बाईंनी मान हलवली. मला वाटतं त्या तासातलं सर्वांत उपयोगी काम तेवढंच झालं. बाकीचं माझं झालं.

कारण मॉनिटर बाब आठवर येऊन अडली. भीतीपोटी खोटं बोलावं लागलं का? एकदा, नोंदवहीत. तिने विचारलं, नोंदवहीत म्हणजे काय?

हे तुला वेगळं सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी त्याने रागात माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही, म्हणजे लपवण्यासारखं नाही, इतकं फालतू होतं, की मी फोटो पाठवला त्यात घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. (पुढेच होतं. दवाखान्याचं घड्याळ आहे, ते मुद्दाम पुढे ठेवतात.) दुसऱ्या दिवशी मनगट निळं झालेलं मिस्त्रींनी पाहिलं आणि विचारलं. मी म्हटलं, चौदा नंबरच्या दारात सापडलं. चौदा नंबर म्हणजे त्या दवाखान्याच्या पाच मजली इमारतीची लिफ्ट. आता आमच्याकडे नियम असा, की दारामुळे कोणाला इजा झाली की ती नोंदवहीत लिहायची, लिफ्ट एक दिवस बंद ठेवायची आणि मिस्त्रींनी दार खोलून तपासायचं. मी स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात, तारीख-वेळ घालून ती खोटी नोंद केली. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे माणसं गाल सुजलेले घेऊन जिना चढून गेली. मी खाली उभं राहून मोजली. एकोणीस. एक बाई दोनदा गेल्या, कारण त्यांची पिशवी वर राहिली होती.

मिस्त्रींनी दार खोललं, सात वेळा उघडलं-मिटलं, मिटत्या दारात पेन्सिल धरून पाहिली. पेन्सिल मोडली नाही. ती त्यांनी चिकटपट्टीने अहवालाला लावली आणि खाली लिहिलं, दारात दोष नाही. अहवाल माझ्या टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाले, “या दाराला मी बारा वर्षं ओळखतो. त्याने कधी कुणाला धरून ठेवलेलं नाही.” मी तो अहवाल फाइलला लावला. आधी नोंद, मग अहवाल, क्रमाने. तेव्हापासून ती फाइल माझ्या पाठीमागच्या कपाटात आहे आणि माझं तिच्याकडे पाठ करून काम चालू आहे.

मुलांना मी हे एवढं सांगितलं नाही. म्हटलं, ‘अ’ने आपल्याला लागलं त्याचा दोष एका दारावर घातला. मागून दुसऱ्या स्टुलावरची एक मुलगी, जी तासभर वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत होती, वर न बघता म्हणाली, माझाही फोन माझ्या हातून पडला असं मी म्हटलं होतं. (तीच ती. मला आधी कोणी दाखवली नव्हती.) गोलकीपरने तिच्याकडे बघून नुसतं ‘हं’ केलं, आणि थोड्या वेळाने त्याने फळ्याकडे बघून सांगितलं की ‘ब’बद्दलचं माझं मत मागे घेतो.

मग मॉनिटर उठून फळ्याशीच आली. तिला शेरे पटले नव्हते. म्हणाली, सगळीकडे ‘लक्ष ठेवावे’, पण ठेवणार कोण? नवव्या बाबीत तर ‘नाही’ आहे. ‘अ’ एकटीच आहे. मी तिला समजावू लागले, की ‘वापर बंद’ असा शेरा सहजासहजी देत नाहीत, लोकांना त्रास होतो, लिफ्ट चालत असते, काही दिवस तर अगदी उत्तम चालते. हे सांगता सांगता मला माझा आवाज ऐकू आला, आत्या. खडू हातातच राहिला.

घड्या घालणारी मुलगी म्हणाली, “ताई, ‘अ’ला तुमची नोटीस वाचून दाखवा ना. शेवटची ओळ.”

मी म्हटलं, दाखवते. मॉनिटरने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, ‘अ’ खरी आहे का? मी सांगितलं, आमच्या घरात नमुना खोटा भरत नाहीत. खेळाच्या बाईंचं पेन थांबलं. तेवढ्यात घंटा झाली, आणि एरवी घंटेच्या आधीच दारात असणारी ती अठ्ठावीस मुलं जागची हलली नाहीत. मी गृहपाठ दिला, ज्याला सगळं सांगता येईल अशा एका मोठ्या माणसाचं नाव प्रत्येकाने लिहून आणायचं, नाव सुचलं नाही तर खेळाच्या बाईंना विचारायचं. मॉनिटर म्हणाली, ‘अ’नेपण आणायचं. आणि नुसतं नाव नाही, सांगून यायचं. तुम्ही शुक्रवारी लिफ्ट बघायला येता ना, तेव्हा मी विचारीन. ती विचारेल. ती तुझ्यासारखी आहे, तिने माझा खडूसुद्धा मोजून परत घेतला.

खेळाच्या बाई मला लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. मला वाटलं धीर देतील. त्यांनी मैदानावर सूचना देतात तशा दिल्या. सांगायला एकटीने जायचं नाही. आधी सामान हलवायचं, मग सांगायचं, उलटं नाही. समोर उभं राहून सांगायची सक्ती नाही, चिठ्ठीही चालते. आणि शेवटचं एकदा भेटू म्हणाला तर भेटायचं नाही. हे सगळं त्यांनी शिट्टीशी चाळा करत सांगितलं आणि वर म्हणाल्या, चांगला तास घेतलात, फक्त चढावर बोलल्यासारखं धापा टाकत बोलू नका.

ऑफिसात आल्यावर मी फाइल काढली. खोटी नोंद खोडायची नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहून सही करायची आणि वर साक्षीदाराची सही घ्यायची, हा तुझा शिरस्ता. मी लिहिलं, वरील नोंद चुकीची आहे, इजा लिफ्टमुळे झालेली नाही. वही मिस्त्रींसमोर ठेवली आणि म्हटलं, ही नोंद खोटी होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, सही केली, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हणाले, “ठाऊक आहे. गाडी कधी आणू?”

तर हा सगळा मजकूर म्हणजे माझा गृहपाठ. नवव्या बाबीत मी तुझं नाव लिहिलं आहे. आधी विचारायला हवं होतं, पण विचारण्याचा अर्ज म्हणजे हेच पत्र, आणि तू अपूर्ण अर्ज घेत नाहीस म्हणून इतकं लांबलं. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. त्याला चष्म्याबद्दल तू स्वेटर विणून दिला होतास. तो विणलास यातही तुझी चूक नाही.

गुडघ्याला जप. व्यायाम रोज कर, निदान एकाआड एक दिवस तरी.

तुझी, तुझ्याच हाताखाली अक्षर सुधारलेली,
भाची

ता. क. – नमुन्याची प्रत सोबत जोडली आहे. सगळे रकाने खरे आहेत. शेरे बदलले आहेत, नऊच्या नऊ कापून खाली एकच लिहिला आहे. प्रत टेबलाच्या काचेखाली लावू नकोस.

ता. क. २ – तुझा दुसरा प्रश्न राहिला. तारीख ठरली. येता रविवार, सकाळी दहा. त्या दिवशी तो शेजारच्या गावी डोळे तपासायच्या शिबिराला असतो आणि दोनपर्यंत येत नाही. मिस्त्री आणि त्यांची बायको गाडी घेऊन येतील. सामान थोडं आहे, दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि पुस्तकं, त्यामुळे उचलायला तू नको आहेस. तू जिन्यात उभी राहा. किल्ली आणि चिठ्ठी मी खोलीत ठेवीन, आणि मी स्वतःला ओळखते त्यावरून सांगते, उतरताना मी म्हणेन की दोनपर्यंत थांबू, निदान सांगून तरी जाऊ, एवढं केलं त्याने माझ्यासाठी. तेव्हा अपूर्ण अर्ज परत करताना जो आवाज काढतेस, त्या आवाजात ‘नाही’ म्हण. मी वाद घालीन. ऐकू नकोस. नंतर काही दिवस मला तुझी मागची खोली लागेल. टाइपरायटर हलवू नकोस, मी त्याच्या कडेला मावते.

ता. क. ३ – गुरुवारपर्यंत तुझं उत्तर ऑफिसात यायला हवं. शुक्रवारी मॉनिटर लिफ्टपाशी उभी असेल.

ता. क. ४ – तुझा चष्मा टाकून देऊ नकोस. तू रागाने टाकशील म्हणून लिहिते. मी तो मागच्या वेळी दुसऱ्या दुकानात तपासून घेतला होता. नंबर बरोबर आहे, काच उत्तम आहे. चष्म्यात दोष नाही. तो लावूनच ये, जिना अंधारा आहे.